कटपयादी वाचताना आकडा कुठे चुकतो: अक्षरांतून संख्या काढण्याची रीत, टप्प्याटप्प्याने

पायच्या (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किमतीचा ‘गोपीभाग्यमधुव्रात’ हा श्लोक मोबाइलवर फिरत फिरत बहुतेकांकडे येऊन गेलेला असतो. सोबत क, ट, प, य असं एक कोष्टक असतं, अक्षरांना अंक देणाऱ्या कटपयादी पद्धतीचं. लोक हौसेने कागद घेऊन बसतात, दोन-चार अक्षरं जुळवतात, ती जुळतात आणि माणूस खूश होतो. मग तीच रीत कर्नाटक संगीतातल्या एखाद्या मेळाच्या (आपल्या थाटासारखी स्वरांची मांडणी) नावाला किंवा जुन्या ज्योतिषग्रंथातल्या ओळीला लावली की भलताच आकडा येतो. कोष्टक बरोबर असूनही उत्तर चुकतं, कारण चूक कोष्टकाच्या आधी झालेली असते किंवा नंतर.

रोमन आकड्यांत सातच अक्षरं, प्रत्येकाची किंमत ठरलेली. मोठ्याच्या आधी लहान आलं की वजा करायचं, एवढीच काय ती खोच. कटपयादीत सगळी वर्णमाला कामाला लागते, एका अंकाला तीन-चार अक्षरं मिळतात आणि आकडा शेपटाकडून वाचायचा असतो. खोड्या जास्त आहेत म्हणून क्रम पाळावा लागतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## तयारी: कोष्टक आणि तीन ओळींचा कागद

आधी कोष्टक हाताने लिहून घ्या. छापील चित्र समोर ठेवण्यापेक्षा स्वतः लिहिलेलं लवकर डोक्यात बसतं.

क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६, छ ७, ज ८, झ ९, ञ ०

ट १, ठ २, ड ३, ढ ४, ण ५, त ६, थ ७, द ८, ध ९, न ०

प १, फ २, ब ३, भ ४, म ५

य १, र २, ल ३, व ४, श ५, ष ६, स ७, ह ८

क, ट, प, य या चारही अक्षरांपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, एवढं लक्षात ठेवलं की कोष्टक कधीही परत मांडता येतं. स्वतंत्र स्वर (अ, आ, इ, ई, उ, ए वगैरे) म्हणजे शून्य. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना किंमत नाही: क, का, कि, कू, कै सगळे १.

राहिला ळ. केरळातल्या परंपरेत ह नंतर तो येतो आणि त्याला ९ धरतात. संस्कृत श्लोकांत तो सहसा भेटत नाही. मराठी शब्दांत मात्र सतत भेटतो, म्हणून स्वतः शब्द बनवताना ळ टाळलेला बरा. समोरच्याच्या कोष्टकात तो नसला तर गाडी तिथेच अडते.

आता कागदावर तीन ओळींची जागा ठेवा. पहिल्या ओळीत सुटी अक्षरं, दुसरीत त्यांखाली अंक, तिसरीत उलटवलेली संख्या. मनातल्या मनात करू नका. चार अक्षरांच्या नावाला ते जमतं, अठरा अक्षरांच्या ओळीला नाही.

तपासा: कोष्टकात न शून्य आणि ण पाच आहे ना? ट एक आणि त सहा? श ५, ष ६, स ७ हा क्रम नीट आहे ना? निम्म्या चुका या तीन जागी होतात. ‘शेतकरी’तला श आणि ‘षटकार’मधला ष आपण बोलताना जवळपास सारखाच उच्चारतो. इथे एका अंकाचा फरक पडतो.

## टप्पा १: समोर आलंय ते कटपयादीच आहे का?

संस्कृत ग्रंथांत शब्दांनी संख्या सांगण्याच्या निदान तीन रीती आहेत. चुकीची रीत लावली तरी उत्तर येतंच, आणि तीच गोम आहे.

पहिली भूतसंख्या. तिथे शब्दाचा अर्थ संख्या देतो. नेत्र म्हणजे २, कारण डोळे दोन. वेद म्हणजे ४. बाण म्हणजे ५, मदनाचे बाण पाच म्हणून. हेच शब्द कटपयादीत घातले तर नेत्र होतो २०, वेद होतो ८४ आणि बाण ५३. ओळीत डोळे, वेद, बाण, चंद्र, सागर अशा वस्तूंची रांग लागली असेल आणि वाक्याला तसा अर्थ नसेल, तर ती भूतसंख्या समजा.

दुसरी पहिल्या आर्यभटाची अक्षरपद्धती. तिथे क १ पासून म २५ पर्यंत सलग मोजतात, पुढे य ३०, र ४० असं चढत जातं, आणि स्वर शंभराचे घात दाखवतो. त्याचं ‘ख्युघृ’ म्हणजे ४३,२०,०००, एका महायुगाची वर्षं. उच्चारायलाही जड अशी, अर्थ नसलेली अक्षरं दिसली की आर्यभट समजा.

तिसरी कटपयादी. ओळखायची खूण अशी की वाक्याला बरा अर्थ असतो, बहुतेक वेळा देवाचं नाव, आशीर्वाद किंवा उपदेश, आणि तरीही तो जरा ओढूनताणून बसवल्यासारखा वाटतो. ‘विद्वान् तुन्नबलः’ असं कोणी सहज बोलणार नाही. केरळातला गणिती माधव याच्या ज्या-गणिताशी (ज्या म्हणजे साइन) जोडलेल्या ओळीचे ते पहिले दोन शब्द आहेत.

सावधान: ही निवड ‘जे उत्तर आवडलं ते’ अशी करू नका. आधी रीत ठरवा, मग आकडा काढा. उलट्या क्रमाने गेलात तर कुठल्याही ओळीतून काहीही निघतं, आणि समाजमाध्यमांवरच्या अर्ध्या ‘गूढ’ संख्या अशाच निघालेल्या असतात.

## टप्पा २: ओळ जशी लिहिली आहे तशी ठेवा, मगच अक्षरं सुटी करा

मराठी माणूस सगळ्यात जास्त इथे घसरतो, कारण आपण लिहितो एक आणि बोलतो एक. ‘राम’ बोलताना शेवटचा म अर्धवट तोंडातच राहतो, पण लिहिलेला म पूर्ण आहे. म्हणून र २, म ५, दोन्ही अक्षरं मोजायची. मोजणी लेखनावर चालते, उच्चारावर नाही. चहातला च आणि चाळीतला च ऐकायला वेगळे. इथे दोन्ही ६.

याच्या उलट, पाय मोडलेलं अक्षर शब्दाच्या शेवटी असेल तर ते मोजायचं नाही. संस्कृतातला ‘विद्वान्’ म्हणजे वि ४, द्वा ४, एकूण ४४, आणि न् सोडून द्यायचा. मराठीत आपण ‘विद्वान’ असा सरळ न लिहितो. तो मोजला तर शेवटी शून्य येतं. उलटवल्यावर ते पुढे जाऊन ०४४ होतं आणि नशिबाने किंमत बदलत नाही. पण असा शब्द ओळीच्या मध्ये असला तर एक अंक फुकटचा घुसतो आणि त्याच्या मागचे सगळे अंक एक घर सरकतात. संस्कृत ओळ मराठी टंकलेखकाने लिहिली असेल तर पाय मोडल्याच्या खुणा गळाल्या आहेत का, ते आधी बघा.

अनुस्वार आणि विसर्ग मोजायचे नाहीत. त्यामुळे ‘मंगल’ लिहा किंवा ‘मङ्गल’, उत्तर एकच: म ५, ग ३, ल ३.

आता संधी. संधी सोडवून लिहिलेली ओळ कधीही मोजू नका. एक उदाहरण जवळून बघू. गुरुवायूरच्या कृष्णावर मेल्पत्तूर नारायण भट्टतिरींनी रचलेल्या नारायणीयाचा शेवट ‘आयुरारोग्यसौख्यम्’ या शब्दाने होतो. आयुष्य, आरोग्य, सुख असा आशीर्वाद, आणि त्यातच काव्य पुरं झालं तो दिवस लपवलेला आहे, कलियुगाच्या सुरुवातीपासून किती दिवस गेले त्या मोजणीने.

आ ०, यु १, रा २, रो २, ग्य १, सौ ७, ख्य १, म् सोडला.

उलटवा: १७,१२,२१०.

आता हाच शब्द समजून घेण्यासाठी कोणी ‘आयुः आरोग्य सौख्यम्’ असा फोडून लिहिला, तर ‘रा’च्या जागी ‘आ’ येतो, म्हणजे २ च्या जागी ०. संख्या होते १७,१२,०१०. अर्थ तोच, पण भट्टतिरींचं काव्य दोनशे दिवस आधीच लिहून झालं!

तपासा: पहिल्या ओळीतली अक्षरं पुन्हा जोडून वाचा. मूळ ओळ हुबेहूब परत आली पाहिजे. आली नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: जोडाक्षर, म्हणजे भांडणाचं मूळ

नियम सोपा आहे: जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन मोजायचं, आधीची सोडायची. द्र म्हणजे र, २. स्म म्हणजे म, ५. र्य म्हणजे य, १. तीन व्यंजनं एकत्र असली तरी तेच: न्द्र म्हणजे र.

मराठीत तीन जागी थबकायला होतं.

क्ष हा क् आणि ष मिळून झालेला आहे, म्हणून ६.

ज्ञ हा ज् आणि ञ. आपण तो द्न्य असा उच्चारतो, म्हणून हात आपोआप ‘य १’ लिहायला जातो. तो थांबवा. ञ शून्य आहे, म्हणून ज्ञ शून्य. याचा एक परिणाम असा की ‘ज्ञान’ या शब्दाची किंमत ०० येते. गुरुजींनी मनावर घेऊ नये.

‘सुऱ्या’, ‘कोल्हापूर’ यांसारख्या शब्दांतही तोच नियम. ऱ्या म्हणजे १, ल्हा म्हणजे ८. कोल्हापूर: १, ८, १, २, म्हणजे उलटवून २१८१.

नियम नीट कळला का, हे बघायला शंकरवर्म्याच्या सद्रत्नमालेतली पायची ओळ उत्तम. हा केरळातला एकोणिसाव्या शतकातला ग्रंथ आहे. ओळ अशी:

भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद् भूपगीः

सुटी करा आणि खाली अंक मांडा:

भ ४, द्रा २, म्बु ३, द्धि ९, सि ७, द्ध ९, ज ८, न्म ५, ग ३, णि ५, त ६, श्र २, द्धा ९, स्म ५, य १, (द् सोडला) भू ४, प १, गीः ३.

शेवटाकडून वाचा: ३१४१५९२६५३५८९७९३२४.

व्यासाला एकावर सतरा शून्यं धरली तर परीघ एवढा. पायची खरी किंमत ३.१४१५९२६५३५८९७९३२३८ अशी पुढे जाते, म्हणजे शेवटचे ३ आणि ८ पूर्णांकित करून ४ केला आहे. अठराच्या अठरा अंक बरोबर. ‘यद् भू’ जोडून ‘द्भू’ धरलं तर अठरा अक्षरांत नऊ जोडाक्षरं आहेत. त्यांतलं पहिलं व्यंजन धरलं असतं तर सुरुवातच ३१८१७ अशी झाली असती.

सावधान: ही ओळ तुमच्या हातून बरोबर सुटेपर्यंत दुसरं काही सोडवू नका.

## टप्पा ४: उलटवा, पण एकदाच

‘अङ्कानां वामतो गतिः’. अंक उजवीकडून डावीकडे जातात. पहिलं अक्षर म्हणजे एकं, दुसरं दहं, तिसरं शतं.

चुका दोन प्रकारच्या. उलटवायचं विसरणं ही एक. दुसरी जास्त गमतीची: काहीजण अक्षरं सुटी करतानाच मागून लिहितात आणि शेवटी पुन्हा उलटवतात, म्हणजे गाडी फिरून स्टँडवर! म्हणूनच तयारीत तिसरी ओळ वेगळी ठेवायला सांगितली. पहिल्या दोन ओळी सरळ, तिसरी उलटी, बस्स.

सराव करताना काका (११), दादा (८८), मामा (५५), बाबा (३३), कनक (१०१) असले शब्द घेऊ नका. ते दोन्हीकडून सारखेच वाचले जातात, त्यामुळे दिशा चुकली तरी कळत नाही. घरातलेच शब्द हवे असतील तर आजी (८०) आणि आजोबा (३८०) घ्या. आई ०० येते आणि नानाही ००. त्याला इलाज नाही. संख्यावाचक शब्द तर फारच चावट आहेत. ‘एक’ची किंमत १०, ‘अनेक’ची १००, ‘पाच’ची ६१, आणि ‘शून्य’ची १५.

आता तो फिरणारा श्लोक.

गोपीभाग्यमधुव्रात शृङ्गिशोदधिसन्धिग ।
खलजीवितखाताव गलहालारसंधर ॥

गो ३, पी १, भा ४, ग्य १, म ५, धु ९, व्रा २, त ६... हा सरळ डावीकडून उजवीकडे वाचला की पाय येतो. उलटवला की येत नाही. म्हणजे हा श्लोक रूढ नियम मोडून रचलेला आहे. भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ साली छापल्या गेलेल्या वैदिक गणितात तो येतो, आणि याच एका श्लोकावर कटपयादी शिकलेली माणसं पुढे प्रत्येक ओळ सरळच वाचतात. अजून एक: बत्तीस अक्षरांपैकी एकतीस जुळतात. शेवटचं ‘र’ २ देतं, खरा अंक ५ आहे. फिरवणाऱ्यांपैकी कोणी शेवटपर्यंत ताडून बघितलेलं दिसत नाही. माझं मत विचाराल तर शिकायला सद्रत्नमालेची ओळ घ्यावी आणि गोपींना अपवादांच्या वहीत ठेवावं.

## टप्पा ५: आलेल्या आकड्याचे तुकडे पाडा

संख्या आली म्हणजे काम झालं असं नाही. ती दिवसांची आहे, अंशांची आहे की क्रमांक आहे, हे ओळीच्या संदर्भावरून ठरवायचं.

केरळी परंपरेत चंद्राच्या रोजच्या स्थानासाठी २४८ चांद्रवाक्यं आहेत, वररुचीच्या नावावर सांगितलेली. पहिली तीन बघा.

गीर्नः श्रेयः: ३, ०, २, १. उलटवून १२०३, म्हणजे १२ अंश ०३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग).

धेनवः श्रीः: ९, ०, ४, २. उलटवून २४०९, म्हणजे २४ अंश ०९ कला.

रुद्रस्तु नम्यः: २, २, ६, ०, १. उलटवून १०६२२. इथे पाच अंक आले. १०६ अंश २२ कला असं वाचलंत तर चंद्राने एका दिवसात ब्याऐंशी अंशांची उडी मारली असं होईल. तुकडे उजवीकडून पाडा: २२ कला, ०६ अंश, १ राशी. राशी म्हणजे ३० अंश, म्हणून एकूण ३६ अंश २२ कला.

उजवीकडून दोन-दोन अंक ही सवय लावून घ्या. मधलं शून्य (०३, ०९, ०६) गाळू नका, ते जागा धरून बसलेलं असतं.

## टप्पा ६: पडताळा बाहेरून घ्या

स्वतःचीच बेरीज पुन्हा करून बघणं हा पडताळा नव्हे. तीच चूक पुन्हा होते. आकड्याला बाहेरच्या गोष्टीशी भिडवा.

चांद्रवाक्यांचा पडताळा रोजच्या गतीने होतो. वर १२ अंश ०३, मग १२ अंश ०६, मग १२ अंश १३ कलांची वाढ येते. चंद्र आकाशात दिवसाला साधारण बारा ते पंधरा अंश सरकतो. बसलं. पहिलं वाक्य न उलटवता वाचलं असतं तर ३० अंश आले असते, आणि चंद्र इतका घाईत कधीच नसतो.

तारखेचा पडताळा दिवस मोजून. १ जानेवारी २००० पर्यंत कलियुगाचे १८,६३,०७९ दिवस गेलेले धरतात. त्यातून आयुरारोग्यसौख्यम् चे १७,१२,२१० वजा करा: १,५०,८६९ दिवस. एवढं मागे गेलं की ग्रेगोरियन मोजणीने ८ डिसेंबर १५८६ येतो. मोजणीचा पहिला दिवस शून्य धरला की एक, यावर एका दिवसाचा फरक पडू शकतो. वर्षाचा पडला तर तुमचं अक्षर चुकलं आहे.

## टप्पा ७: मेळांची नावं, जिथे नियम वाकतो

कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळांच्या नावांत पहिली दोन अक्षरं मेळाचा क्रमांक सांगतात. फक्त पहिली दोन. पुढची कितीही सुरेल असली तरी सोडायची.

कनकांगी: क १, न ०, म्हणजे ०१. मायामालवगौळ: ५, १, म्हणजे १५. खरहरप्रिया: २२. मेचकल्याणी: ५, ६, म्हणजे ६५. रसिकप्रिया: २, ७, म्हणजे ७२, शेवटचा.

पहिली चूक: पूर्ण नाव न घेणं. जुन्या रागांची नावं क्रमांकात बसेनात, म्हणून पुढे शेपटाऐवजी शेंडी लावली गेली. शंकराभरणला ‘धीर’, कल्याणीला ‘मेच’, तोडीला ‘हनुमत्’, कांभोजीला ‘हरि’. गवई व्यवहारात शेंडी गाळतात. नुसतं शंकराभरण मोजलंत तर १५ येतो, आणि १५ तर मायामालवगौळ आहे. धीरशंकराभरण घेतलं की ९, २, म्हणजे २९. हा बरोबर.

दुसरी चूक वर्तनीची. विसावा मेळ सगळीकडे ‘नटभैरवी’ असा लिहिलेला दिसतो. ट घेतला तर १० येतो, आणि दहावा नाटकप्रिया आहे. क्रमांकासाठी तो ‘नठभैरवी’ असा वाचायचा: न ०, ठ २, म्हणजे २०.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की सवलत, ते तुम्हीच ठरवा. जोडाक्षराचा तिसऱ्या टप्प्यातला नियम इथे कधी पाळलेला आहे, कधी नाही. रत्नांगी (२), सूर्यकांत (१७), षड्विधमार्गिणी (४६), धर्मवती (५९) यांत शेवटचं व्यंजन चालतं. पण चक्रवाक सोळावा आहे: च ६, आणि ‘क्र’मधला क १ धरावा लागतो, र धरला तर २६ येतो, जो चारुकेशीचा आहे. दिव्यमणी (४८), विश्वंभरी (५४), सिंहेंद्रमध्यम (५७), चित्रांबरी (६६), ज्योतिस्वरूपिणी (६८) यांतही आधीचं व्यंजन घ्यावं लागतं. सिंहेंद्रमध्यमाला तर अनुस्वाराचा म् करून तो मोजावा लागतो. नाव आधी आवडलं, हिशोब मागून बसवला, असं मला वाटतं. म्हणून मेळाच्या नावात दुसरं किंवा पहिलं अक्षर जोडाक्षर असेल तर दोन्ही उत्तरं काढा आणि स्वरांशी ताडून एक ठेवा.

ताडायचं असं. क्रमांक ३६ पेक्षा मोठा असेल तर मध्यम तीव्र, आणि क्रमांकातून ३६ वजा करा. नसेल तर मध्यम शुद्ध. उरलेल्यातून १ वजा करून ६ ने भागा. भागाकारात १ मिळवला की रे-ग ची जोडी कितवी ते कळतं, बाकीत १ मिळवला की ध-नी ची. आपल्या भाषेत दुसरी जोडी कोमल-कोमल, तिसरी कोमल-शुद्ध, चौथी शुद्ध-कोमल, पाचवी शुद्ध-शुद्ध. पहिल्या आणि सहाव्या जोडीला हिंदुस्थानी थाटांत जागा नाही.

मेचकल्याणी ६५. ३६ गेले, उरले २९. एक गेला २८, भागिले ६: भागाकार ४, बाकी ४. दोन्हीकडे पाचवी जोडी. मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध. हा आपला कल्याण थाट, म्हणजे यमन म्हणून बघा. मायामालवगौळ १५: १४ भागिले ६, भागाकार २, बाकी २, दोन्हीकडे तिसरी जोडी: कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, शुद्ध नी. हा भैरव. खरहरप्रिया २२ काढून बघा. काफी आला तर तुमची रीत बरोबर.

## टप्पा ८: उलटं काम, आकड्यापासून शब्द

आकडा लक्षात ठेवायला शब्द बनवायचा असेल तर क्रम असा. आधी आकडा उलटा लिहा, मग प्रत्येक अंकाखाली त्याची अक्षरं मांडा आणि शेवटी स्वर भरा. स्वर फुकट आहेत, अनुस्वार फुकट आहे, आणि नको असलेलं व्यंजन जोडाक्षरात आधी ढकलून देता येतं.

महाराष्ट्र राज्य झालं ते वर्ष १९६०. उलटं: ०, ६, ९, १. शून्याला न किंवा कुठलाही स्वर. सहाला च, त, ष. नऊला झ, ध. एकला क, ट, प, य. जुळवत गेलं की ‘अतिधीट’ निघतो. १९४७ साठी ‘सावध या’. पेशवाई बुडाली ते १८१८ काढायला गेलं की नेमकं ‘जयजय’ येतं. कोरेगावच्या बाजूने बघणाऱ्यांना ते बरोबरच वाटेल, शनिवारवाड्याच्या बाजूने बघणाऱ्यांनी दुसरा शब्द शोधावा.

आणीबाणीचे क्रमांक पाठ करायला ही रीत झकास. ११२ म्हणजे ‘रुपया’, १०० म्हणजे ‘अनेक’, अग्निशमनचा १०१ ‘कनक’, रुग्णवाहिकेचा १०८ ‘जनक’.

स्वर शब्दाच्या सुरुवातीलाच सहज बसतो, म्हणून शून्याने संपणारे आकडे सोपे. मधल्या शून्यांसाठी न वापरा. दहा अंकी मोबाइल नंबर असेल तर त्याचे तीन तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा उलटवा, आणि तुकडे कुठे पाडले ते त्याच कागदावर लिहा. अख्खा नंबर एकदम उलटवून शब्द शोधायला बसलात तर संध्याकाळ जाईल.

सावधान: शब्द एकदा ठरला की त्याला विभक्ती लावू नका. ‘रुपया’ ११२ आणि ‘रुपये’ही ११२, पण ‘रुपयाला’ झाला की ३११२. वाक्यात गुंफायचा असेल तर शब्द अवतरणात ठेवा. शेवटी तो, अर्थ न सांगता, कोष्टक येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि आकडा काढायला सांगा. त्याचं उत्तर जुळलं तरच शब्द वहीत उतरवा.